खांबाला वळसा घालणारी सेंटर

अनसूयाबाईंना माणूस एका नजरेत कळतो, अशी हुबळीच्या देशपांडे नगरात ख्याती होती, आणि ती पसरवण्यात बाईंचा स्वतःचा हातभार काही थोडाथोडका नव्हता. शेजारच्या मुलीला बघायला आलेला मुलगा चपला काढून आत येईपर्यंत त्यांचं मत तयार असे. नवा डॉक्टर, नवा भाडेकरू, शाळेत बदलून आलेले हेडमास्तर, सगळ्यांना त्या एका नजरेच्या चाळणीतून जावं लागे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा बाई बरोबर ठरत. चुकल्या तर तो विषय पुन्हा निघत नसे.

बाई मूळच्या धारवाडच्या. वडील कोर्टात कारकून, घरात पाच बहिणी, आणि पाचांत ही सगळ्यांत उंच, म्हणून हिच्या लग्नाची काळजीही सगळ्यांत मोठी. "जरा वाकून चाल गं," असं आई दिवसातून चारदा सांगायची. कॉलेजात बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, "ताठ उभी राहा." हे उपकार बाई कधी विसरल्या नाहीत. लग्न होऊन हुबळीला आल्या, मुलींच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या, आणि शाळा सुटली की मुलींचा खेळही सुटतो हे बघून त्यांनी एक क्लब काढला. नाव ठेवलं 'अरुणोदय महिला मंडळ'. नावात बास्केटबॉल मुद्दामच घातलं नाही. पोरगी पहाटे भजनाला चाललीय असं आजूबाजूच्यांना वाटलं तर घरच्यांनाही बरं, असा त्यात हिशेब होता.

या मंडळाला चड्ड्या-बनियनपासून बॉलपर्यंत सगळं पुरवायचे ते दाजीबानपेठेतले कापडाचे घाऊक व्यापारी प्रभंजनअण्णा. त्यांची मुलगी कधीकाळी बाईंकडे खेळली होती. ती लग्न होऊन सोलापूरला गेली, पण अण्णा काही मंडळ सोडून गेले नाहीत. दर रविवारी सकाळी छत्री टेकत मैदानावर यायचे, खेळातलं एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत उभे राहायचे. बाई त्यांची थट्टा करायच्या, पण देवापुढे दिवा लावताना ज्यांची नावं मनात घ्यायच्या त्यांत अण्णांचं नाव असायचं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आदल्या वर्षी मंडळ सेमीफायनलला हरलं होतं, कारण शीतल पाच फाउल होऊन बाहेर गेली आणि तिच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. शीतल म्हणजे मंडळाची सेंटर, रिंगखालची मालकीण. जुन्या हुबळीत राहायची, टेलिफोन खात्यात नोकरी करायची, आणि दिवसभर तिथे बोलून बोलून कंटाळत असावी, कारण मैदानावर तिच्या तोंडून शब्द निघत नसे. तिशी आलेली. गुडघ्याला पट्टा बांधून शिट्टीपासून शिट्टीपर्यंत खेळायची. आता हिच्या जोडीला दुसरी सेंटर हवीच, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

ती त्यांना धारवाडला सापडली. खो-खोच्या सामन्यात एक उंचनिंच पोरगी दोन ढांगांत खांब गाठताना दिसली आणि बाईंची ती सुप्रसिद्ध नजर तिच्यावर पडली. नेत्रा तिचं नाव. वय वर्षं वीस. बाईंनी तिच्या घरी जाऊन चहा घेतला, आईवडलांना भजनाची नव्हे तर खरी गोष्ट सांगितली, आणि पोरीला मंडळात घेऊन टाकलं. खो-खोच्या क्लबवाल्यांनी मात्र नेत्राला बजावलं, "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारपर्यंत परत आलीस तर तुझी जागा तुझी. नाही आलीस तर दुसरी मुलगी घेणार."

अण्णांना हे ऐकून आनंद झाला. "म्हणजे जांगड माल!" ते म्हणाले. कापडाच्या धंद्यात ठाण पसंतीसाठी दुकानात ठेवून घेतात, खपलं तर पैसे, नाही तर मुदतीत परत. "शनिवारपर्यंत उलगडून बघा, अक्का. पोत चांगला निघाला तर ठेवा."

"माणसाला माल म्हणू नका," बाई म्हणाल्या. पण त्यांनाही मनातून माहीत होतं, व्यवहार तोच आहे. आणि यात नुकसान झालं तर अण्णांचं नव्हे, त्या पोरीचं. ठेवली आणि जमलं नाही, तर इथे बाकावर बसून आणि तिथली जागा घालवून तिचं अख्खं वर्ष जाणार.

सप्टेंबरात सराव सुरू झाला. नेत्रा धारवाडहून पहिल्या बसनं यायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावरची पानं झाडायची. उडी उत्तम, दम उत्तम, हात जरा लाकडी. पण चारपाच दिवसांतच एक विचित्र प्रकार बाईंच्या ध्यानात आला. रिंगवरून उसळलेला बॉल नेत्राच्या डोक्यावरून मागे पडला, की ती मागे वळायचीच नाही. तशीच सरळ पुढे पळत जायची, मैदानाची रेघ ओलांडायची, बोर्डाच्या लोखंडी खांबाला वळसा घालायची आणि मग परत यायची. तोवर बॉल, त्याच्यामागच्या मुली आणि खेळ पार दुसऱ्या रिंगखाली पोचलेला असे.

"अगं मागं ये! मागं!" बाई ओरडायच्या. त्या ओरडल्या की नेत्रा आणखी जोरात पळायची, पण खांबाकडेच.

मुली हसून हसून खाली बसायच्या. रविवारी अण्णा आले, त्यांनी तीनदा हा प्रकार बघितला आणि छत्री दुसऱ्या हातात घेत विचारलं, "अक्का, ही प्रदक्षिणा कुठल्या देवाची?"

दुसरी तऱ्हा बाकावरची. खेळ चालू असताना नेत्रा बाकाशेजारी जमिनीवर उकिडवी बसायची. बाईंनी "नेत्रा, जा आत" म्हटलं तरी ढिम्म. नजर समोर, कान जागेवर, पण उठायचं नाव नाही. वैतागून कुणीतरी पाठीवर चापट मारली, की ताडकन उठून मैदानात. बाईंनी पहिल्या आठवड्यात ठरवलं, पोरगी आळशी आहे. मग ठरवलं, तिला कमी ऐकू येतं. तेही खोटं ठरल्यावर त्यांनी शेवटचा निकाल लावला की पोरगी गर्विष्ठ आहे, हिला कुणी सांगितलेलं खपत नाही. एका नजरेत माणूस ओळखणाऱ्या बाईंना तीन नजरा लागल्या, हे त्यांच्या यजमानांनी जेवताना बोलून दाखवलं. त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

अण्णा म्हणाले, "शीतलला विचारा की. तिच्या शेजारीच खेळायलीय ती."

पण बाईंनी शीतलला विचारलं नाही. जिच्या जागेवर ही बसणार, तिला काय विचारायचं? शीतल हो म्हणाली तर मनाविरुद्ध म्हणेल, नाही म्हणाली तर मनासारखं म्हणेल, आणि दोन्हीचा उपयोग शून्य. शीतलबद्दलचंही हे मत बाईंनी एका नजरेतच बनवलं होतं.

शनिवार उजाडला. त्या सकाळी गदगच्या टीमशी सरावाची मॅच ठेवली होती. ती झाली की नेत्राला काय ते सांगायचं, म्हणजे दुपारच्या बसनं तिला धारवाडला जाऊन आपली जुनी जागा धरता येईल. बाईंचं जवळजवळ ठरलंच होतं. पोरीला नाही म्हणायचं या विचारानं त्यांना सकाळचा चहा गोड लागला नव्हता. आपणच तिच्या घरी जाऊन तिला उठवून आणलं, आणि आता आपणच परत पाठवणार. वर दुसरी सेंटर नाही ती नाहीच. पण तिचं वर्ष वाया घालवण्यापेक्षा ते बरं.

मॅचच्या मध्यावर शीतलचे तीन फाउल झाले. बाईंनी तिला बाहेर घेतलं आणि नेत्राच्या पाठीवर थाप मारून तिला आत सोडलं. शीतल घाम पुसत बाईंच्या शेजारी बाकावर टेकली. पहिलाच बॉल रिंगवरून उसळून नेत्राच्या मागे पडला. नेत्रा निघाली खांबाकडे. गदगच्या पोरींनी बॉल उचलला आणि पलीकडे जाऊन बास्केट केली.

"संपलं," बाई म्हणाल्या. "पाठवते हिला परत."

"अक्का," शीतल म्हणाली, "ती खांबाला वळसा घालायलीय."

"ते मला दिसतंय. अख्ख्या हुबळीला दिसतंय."

"पण का घालायलीय ते बघा की. खो-खोत एकदा तोंड केलं त्या बाजूला पळायचं. मध्येच मागं फिरलं की फाउल. खांबापर्यंत जायचं, वळसा घालायचा, मगच परत. शाळेपासून तिनं तेच केलंय. तुम्ही मागं ये म्हणता, तिला वाटतं लवकर वळसा घालून ये म्हणायलाय. आणि पाठीवर हात पडल्याशिवाय खो-खोत कुणी उठतं का, अक्का?"

टेलिफोन खात्याच्या बाहेर शीतल एवढं सलग बोललेलं बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. स्वतः त्या दर वर्षी पाचवीच्या मुलींना खो-खो शिकवत, आणि मध्येच मागे फिरलेल्या पोरीवर गळ्यातली हीच शिट्टी वाजवत. नेत्राची सेंटर म्हणून पारख करताना तो खेळ त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. बास्केटबॉलपुढे खो-खो म्हणजे बसायचं आणि पळायचं, अशी त्यांची जुनी समजूत होती, तीही एका नजरेतली.

त्यांनी टाइमआउट घेतला. नेत्रा धापा टाकत समोर आली, मान खाली.

"नेत्रा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "इथं मागं फिरलं तर चालतं."

नेत्रानं वर बघितलं. "चालतं?"

"चालतं. पाहिजे तितक्या वेळा फिर. कुणी फाउल देत नाही."

"खरंच री?" ती धारवाडी अदबीनं म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला पंचांकडे बघितलं. पंचांना काही कळलं नाही, पण त्यांनी सभ्यपणे मान हलवली.

पहिल्यांदा फिरताना नेत्राचे पायच पायांत अडकले आणि ती सपशेल पडली. दुसऱ्यांदा फिरली, पण उशिरा. तिसऱ्यांदा बॉल मागे पडला तशी ती जागच्या जागी गर्रकन वळली, दोन्ही हातांनी बॉल धरला, आणि आपण काय केलं याचंच नवल वाटून तशीच उभी राहिली. "टाक की!" शीतल बाकावरून ओरडली. नेत्रानं बॉल टाकला. त्यानंतर गदगच्या सेंटरला रिंगखाली सुखानं उभं राहता आलं नाही. समोरची कुठल्या बाजूला हूल देणार हे वर्षानुवर्षं ओळखत आलेल्या पोरीला आता मागेही फिरता येत होतं. मॅच गदगनंच जिंकली, पण बाईंनी हातातली शिट्टी कधीच सोडून दिली होती आणि त्या टाळ्या वाजवत होत्या.

"मग अक्का," मॅचसाठी शनिवारीही छत्री टेकत आलेल्या अण्णांनी विचारलं, "ठेवायचा, की परत?"

"ठेवायची. आणि पुन्हा माल म्हणालात तर तुम्हालाच परत पाठवीन."

नेत्रा दुपारच्या बसनं धारवाडला गेली, ती जागा सोडल्याचं सांगायला.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, पानं हातात द्यायची, पाया पडायचं, अशी रीत. त्या वर्षी अनसूयाबाई संध्याकाळी स्वतःच पानं घेऊन जुन्या हुबळीत शीतलच्या दारात उभ्या राहिल्या. शीतल ओशाळून गेली. "अक्का! मी येणारच होते की तुमच्याकडं!"

"बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण," बाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, सोन्यासारखं राहू या म्हणून, आणि पानं तिच्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर ती पोरगी गेली असती. मी तर तुला विचारलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, तू आपल्या जागेला जपशील. चुकले मी. तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर."

"उपकार कसले, अक्का." शीतल पानांकडे बघत राहिली. "मला माझंच काम होतं तिच्याकडं."

"कसलं काम?"

"इतकी वर्षं खेळले, पण फाउल झाल्याशिवाय बसायला कधी मिळालं नाही. बदली कुणी नव्हतीच. रिंगखाली उभं राहिलं की समोरचीच्या कोपराशिवाय काही दिसत नाही. आपली टीम कशी खेळते ते मी कधी निवांत बघितलंच नाही, अक्का. एकदा बघायचं होतं."

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात शीतल दमलेली नव्हती, तिचा एकही फाउल झालेला नव्हता. तरी बाईंनी तिला बाहेर बोलावलं आणि नेत्राला आत पाठवलं. शीतल येऊन बाकावर बसली. गुडघ्याचा पट्टा सैल केला, हात मांडीवर ठेवले आणि बघू लागली. बाईंनी त्या दिवशी मैदानाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघितलं. पलीकडून बॉल आला, एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा सगळ्यांच्या हातून फिरत रिंगखाली नेत्राकडे पोचला आणि आत गेला.

शीतलनं बाईंचा हात धरला. "अक्का," ती म्हणाली, "किती छान खेळतो की आपण!"