दोर माझ्या गाडीत असायचा

गॅरेजमध्ये मोठं काम उरकलं की दोन-तीन बोल्ट हमखास उरतात. गाडी तर नीट चालते, मग हे कुठले, ते कोणालाच सांगता येत नाही. गजामिस्त्री ते पत्र्याच्या एका डब्यात टाकून देतो. किस्सेही असेच साठतात. आमच्या रविवारच्या मंडळींचा डबा आता झाकण लागेना इतका भरलाय, आणि त्यातला बराच माल एकाच कामातून उरलेला आहे. ते काम म्हणजे विलासच्या जीपला लॉक बसवणं.

आधी दोराचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही पाच-सहा जण जुन्या जीपवाले. रविवारी सकाळी कर्जत-चौक रस्त्यावरच्या गजामिस्त्रीच्या गॅरेजपाशी जमायचं आणि ओढ्यांत, चिखलात, डोंगराच्या पायथ्याच्या चढांवर गाड्या घालायच्या. अडकलेली गाडी ओढायला सगळ्यांत मिळून दोर एकच. नियम असा, की दोर ज्याच्याकडे आहे त्याची गाडी पावसाळाभर कोणाला ओढून काढावी लागली नाही, तर दोर पुढचं वर्षभर त्याच्याकडेच राहणार; लागली, तर ज्याने ओढली त्याच्याकडे जाणार. खंडेनवमीला मिस्त्रीच्या हत्यारांबरोबर दोराचीही पूजा व्हायची आणि तिथेच तो मानकऱ्याच्या हाती जायचा.

सलग सात वर्षं तो मानकरी मी होतो. चौकजवळ माझी रोपांची नर्सरी आहे. तिथे मला फारसं कोणी विचारत नाही, घरी तर त्याहून नाही. पण दोर गाडीत असला की मान जरा ताठ राहते.

*

विलास माझा शाळेपासूनचा मित्र, भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला. दरवर्षी उंबराच्या चढावर त्याच्या जीपचं मागचं एक चाक हवेत उचललं जायचं आणि तेच गरगरत बसायचं. जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं बघत राहायचं. गाडीची रीतच तशी आहे, जे चाक काम करत नाही त्याच्याच वाट्याला सगळं फिरणं येतं. पुष्कळ घरांतही असंच चालतं.

यावर इलाज म्हणजे लॉक. तो मागच्या एक्सलच्या पोटात, डिफरेन्शियलच्या जागी बसवतात. बटण दाबलं की एक छोटा पंप नळीतून त्यात हवा सोडतो आणि दोन्ही चाकं एकमेकांना जखडून बरोबर फिरायला लागतात. मग एक चाक हवेत गेलं तरी दुसरं गाडी वर नेतं.

विलासने फोन केला. "लॉक आलाय रं. तुला पहिला सांगतोय."

"वा वा, छान झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मंदाने, म्हणजे आमच्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गेलं?"

*

विलासच्या आईला आम्ही सगळेच काकू म्हणतो. घरात नवं काही आलं की काकू त्याची पूजा करतात. मागे मिक्सरची केली होती. विलास तेव्हा कामावर गेला होता. लॉक त्यांनी पाटावर मांडला, दिवा लावला आणि मला पुढे बोलावलं.

"कुंकू मी लावते. अक्षता तू वाहा रं सुधाकर, तू घरचाच हायस."

लॉक दिसायला फार देखणा होता. लखलखीत, वजनदार, दाते एकसारखे. मला तो इतका आवडला की पोटात दुखायला लागलं. मूठभर तांदूळ घेऊन मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात असं काही बोललो, की जे देवापुढे बोलू नये. मग मूठ उघडली. डोळे उघडले तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या.

गॅरेजात आणखी एक गोष्ट घडली. नवा पार्ट हवा मारून झटकल्याशिवाय मिस्त्री कधी बसवत नाही. त्याने हवेची बंदूक उचलली तर विलासने त्याचा हात धरला.

"मिस्त्री, आईची पूजा हाय. फुकू नका, धुवू नका. तसाच बसवा."

मिस्त्रीने वरचे दिसतील तेवढे तांदूळ वेचले, लॉकला नमस्कार केला आणि तसाच बसवला. देवाच्या कामात हवा कोण मारणार!

*

बसवल्यावर पारख. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी गिअरमध्ये टाकायची, बटण दाबायचं आणि एक चाक हाताने ढकलायचं. चाकं जखडलेली असली तर ती जागची हलायची नाहीत. लॉक लागला नसेल तर एक पुढे फिरतं आणि दुसरं मागे.

एक पुढे फिरलं आणि दुसरं मागे.

"बटणाचा दिवा तर लागलाय," विलास म्हणाला.

"दिवा देवळातबी लागतो," मिस्त्री म्हणाला. "देव काय उठून येतो?"

*

विलास विजेचा माणूस, त्यामुळे त्याला प्रत्येक रोग वायरीत दिसतो. दोन रविवार त्याने वायरी सोलण्यात घालवले. मिस्त्रीने हवेच्या नळीच्या एकेका जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही. पंप तर बटण दाबल्यावर क्षणभर घरघरायचा आणि लगेच थांबायचा.

"बगा," विलास खुशीत म्हणाला, "गळती अजिबात नाय. चुटकीसरशी हवा भरते."

मी मात्र ऐकताक्षणी ओळखलं. नर्सरीत माझं आयुष्य ठिबकच्या नळ्यांत गेलंय. पुढे कचरा अडकला की मागे दाब लगेच चढतो. पंप थांबत होता तो हवा भरली म्हणून नाही, हवेला पुढे जायला वाटच नव्हती म्हणून. नाहीतर लॉकच्या पोटात हवा भरायला थोडा तरी वेळ लागतोच.

एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य ओठांवरही आलं होतं. मी चहा प्यायलो आणि ते चहाबरोबर खाली गेलं.

त्या दुपारी घरी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मंदा वाढता वाढता म्हणाली, "विलासभावजींचं अजून दुरुस्त झालं नाही वाटतं."

*

तिसऱ्या रविवारी विलास तशीच गाडी घेऊन उंबराच्या चढावर आला आणि नेहमीच्या जागी अडकला. मी खाली उतरलो, दोर अडकवला, त्याला ओढून काढलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वर आल्यावर तो सगळ्यांना सांगत होता, "लॉक नाय लागला तर नाय लागला. आपला सुधाकर हाय ना दोर घेऊन."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी दोर गुंडाळायला लागलो तर त्याला नुसत्या गाठी पडत गेल्या.

*

शेवटी मिस्त्री पंपाशेजारी उकिडवा बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"हा इतक्या लवकर थांबतो कसा?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "नर्सरीवाले, तुमची जल्मभर नळ्यांशी गाठ. तुमाला काय वाटतं?"

"असेल काहीतरी," मी म्हणालो.

मिस्त्री माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला. एक्सल पुन्हा उघडला, लॉक बाहेर काढला. त्याच्या मानेवर हवा आत जायचं एक भोक असतं, उदबत्तीची काडी जाईल एवढं. त्या भोकात, बूच मारल्यासारखा, तांदळाचा एक दाणा बसला होता. टोकाला कुंकू.

मिस्त्रीने तो सुईने उकरून तळहातावर घेतला. आम्ही सगळे भातवाल्या गावांतले. त्यामुळे तांदूळ जुना की नवा, यावर आधी पाच मिनिटं वाद झाला. मग विलासने घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"आई, तुझ्या पूजेनं माझं सगळं काम अडवलं. तांदूळ गेलता लॉकमंदी."

अक्षता कोणी वाहिल्या होत्या ते दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. इथे मी तोंड उघडायला हवं होतं.

"माझ्याच हातून पडला असंल रं," काकू म्हणाल्या. "सुधाकर हाय का तिथं?"

"हाय."

"त्याला सांग, जेवायला ये."

मी गेलो नाही.

*

पुढच्या रविवारी विलासची जीप उंबराचा चढ अशी चढली, की वर पोहोचल्यावर त्याला स्वतःलाच हसू आवरेना. मला ते हसू बघवलं नाही. नेहमीची वाट सोडून मी त्याच्याच वाटेने गाडी घातली. अर्ध्यावर माझं मागचं चाक हवेत उचललं गेलं आणि गरगरत बसलं.

विलास खाली आला, माझ्याच गाडीतला दोर काढला आणि माझ्याच हुकाला अडकवला.

"सावकाश घे रं," तो म्हणाला. "तुझी गाडी जुनी हाय."

सात वर्षांत मी त्याला इतक्या मायेने कधी ओढलं नव्हतं.

*

खंडेनवमीला गॅरेजात पाने, जॅक, हातोडे ओळीने मांडले होते. मधोमध दोर, वर झेंडूचा हार. विलासला मान मिळणार म्हणून काकू मुद्दाम आल्या होत्या. मी मागे, टायरांच्या ढिगापाशी उभा होतो.

मिस्त्रीने दिवा लावला. काकू तबक घेऊन एकेकाच्या हातात अक्षता द्यायला लागल्या. विलासला मूठभर दिल्या. मिस्त्रीला मूठभर दिल्या. मग टायरांना वळसा घालून त्या माझ्यापर्यंत आल्या. मी ओंजळ पुढे केली.

काकूंनी तबकातून दोन बोटांनी एकच दाणा उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

"तुला येवढा पुरतो," त्या म्हणाल्या आणि पुढच्याकडे गेल्या.