धोंडूकाकीचे उघडे डोळे

तुम्ही उभे आहात, हातात फॉर्म आहे, उन्हात दोन तास रांग लावलीय आणि काचेपलीकडचा म्हणतोय, "झोपलेल्या माणसाला कार्ड मिळत नाही." असं तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का? नाही ना? चांदीपच्या धोंडूकाकीला सांगितलंय. एकदा नाही, तीनदा!

काकीला हवं होतं म्हाताऱ्यांसाठीचं बसचं कार्ड. तिची बहीण वसईजवळच्या होळी गावात दिलेली. कार्ड मिळालं की मुलाला "सोड रे गाडीवर" म्हणून आर्जवं नकोत, सुनेच्या कपाळावरच्या आठ्या नकोत. मनात आलं की पिशवी उचलायची नि निघायचं. पण फोटोत डोळे उघडे पाहिजेत, असा नियम. आणि काकीचे डोळे आजवर एका फोटोत उघडले असतील तर शपथ. ओळखपत्रावर मिटलेले. मुलाच्या लग्नात मिटलेले. नातवाच्या बारशात तर बाळ टक्क जागं आणि आजी गाढ झोपेत.

कार्डासाठीचे तिन्ही फोटो काढले होते हरेश्वरने. ही गोष्ट खरं तर त्याची.

हरेश्वर गावातला एकुलता एक फोटोग्राफर. बापाने भात पिकवला, याने पंचवीस वर्षं हळदीचे फोटो काढले. कुणी शिकवलं नाही. रोलमागून रोल फुकट घालवून शिकला, आणि हे तो छाती काढून सांगतो. जुना कॅमेरा म्हणजे नुसता धोंडा. बटण दाबलं की आतला आरसा असा आपटायचा की मांडवाखालची कुत्री उठून बसायची. त्या "खटॅक"नंतरच वऱ्हाडी श्वास सोडायचे. तोच त्याचा मान होता.

यंदा मात्र खांद्याने दगा दिला. डॉक्टरने गळ्यातलं वजन बंद करायला सांगितलं, तेव्हा त्याने नवा मिररलेस कॅमेरा घेतला. आत आरसाच नाही, म्हणून आटोपशीर, म्हणून हलका. लेन्स काढून दुसरी लावता येते, मागचा पडदा खिडकीच्या झडपेसारखा बाहेर येऊन वळतो, आणि समोर डोळा दिसला की पडद्यावर त्या डोळ्यावर हिरवा चौकोन जाऊन बसतो.

गाव काय म्हणालं? "हरेशा, साबनाची डबी आनलीस का रे?"

एका हळदीत तर नवरीच्या बापाने हळूच विचारलं, "मोठा कॅमेरा टेम्पोत ठेवलाय ना?" हरेश्वरचं डोकं फिरलं. पुढच्या हळदीला तो पक्षी टिपायची हातभर लेन्स लावून गेला. लोक बाजूला सरकून वाट देत होते. फक्त एवढ्या जवळून तिच्यात नवरी मावेना. अर्ध्या अल्बममध्ये नुसतं नाक आलं, तेही हळद लागलेलं.

अशात धोंडूकाकी तिसरा नाकारलेला फॉर्म घेऊन दुकानात शिरली. टेबलावर आपटला.

"तू जित्या मानसाचा फोटो काढतोस का मयताचा?"

"काकी, डोळे तू मिटतेस."

"खट् वाजलं की मिटतात! मी काय मुद्दाम करते?"

मयताचा! हरेश्वरला शब्द असा झोंबला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो काकीच्या अंगणात हजर. तिला भिंतीपाशी बसवलं, बटण दाबलं. नव्या कॅमेऱ्याचा आवाज जुन्यापेक्षा बारीक, पण काकीला तेवढा पुरला. मिटले. परत दाबलं, परत मिटले. पाचव्यांदा तर तिने आधीच मिटून घेतले. मग बिचारा हिरवा चौकोन डोळा शोधत फिरला आणि कुंपणावरच्या कोंबड्याच्या डोळ्यावर जाऊन बसला. फोटो काय आला म्हणता! तुऱ्याचा दाणा न् दाणा मोजून घ्या.

"याचं कार्ड होईल बघ एका फेरीत," काकी म्हणाली.

कॅमेऱ्यात आवाज साफ बंद करायची सोय होती. हरेश्वरला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण मुका कॅमेरा घेऊन मांडवात उभं राहायचं, म्हणजे पाहुण्यासारखं! आज त्याने तो मान बाजूला ठेवला आणि आवाज बंद केला. बारा फोटो काढले. काकी डोळे ताणून बसलेली, पाणी गालावर.

"काढ ना रे आता!"

"काढले."

"खोटं नको बोलू. वाजला नाय. वाजल्याबिगर मी हलनार नाय."

शेवटी हरेश्वरनेच तोंडाने आवाज काढला, "खटॅक!"

टप्पकन मिटले.

"मेल्या, परत मिटले!"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. काकीने डोळे पुसून पडद्यात पाहिलं. "ही तर होळीची बहीन."

"तूच आहेस ती."

"इतकी दिसते मी तिच्यासारखी?"

दोघं फॉर्म घेऊन चौथ्यांदा खिडकीवर. आत कौस्तुभ नावाचा तरुण कारकून. त्याने फोटो बघितला, ओळखपत्र बघितलं.

"आजी, हे मॅच होत नाही. ओळखपत्रावरच्या बाईंचे डोळे बंद आहेत."

हरेश्वरने बाह्या सरसावल्या. पण काकीने त्याला कोपराने मागे सारलं, तोंड काचेला लावलं आणि डोळे मिटले.

"आता?"

"आता... ओळखपत्राशी जुळतंय."

डोळे उघडले. "आनि आता?"

"आता फोटोशी."

"मग मधल्यामधे बाई बदलली का रे? मार शिक्का!"

रांगेतले लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. कौस्तुभने शिक्का मारला. कार्ड हातात पडताच काकी घराकडे वळलीच नाही. समोर उभ्या बसमध्ये चढली आणि खिडकीतून ओरडली, "हरेशा, सुनेला सांग, मी होळीला गेले. येईन तेवा येईन!"

आता तुमच्याकडे वळतो. घरातल्या म्हातारीचं ओळखपत्र आजच काढून बघा. डोळे मिटलेले असतील तर कॅमेरा असो की फोन, आधी त्याचा आवाज बंद करा आणि तिचा नवा फोटो काढा. आणि खिडकीवर तिला एकटीला पाठवू नका, सुट्टी टाका आणि स्वतः तिच्या बाजूला उभे राहा.