रुखवतातला रोबो

आमच्या सुमीच्या रुखवतात एक रोबो होता, आणि तो भर मांडवात विहीणबाईंबद्दल वाईटसाईट बोलला.

आता तुम्ही म्हणाल, रुखवत म्हणजे लाडू, करंज्या, चकल्या, साखरेचं तुळशीवृंदावन. मुलीकडच्या बायकांनी हौसेनं करून टेबलावर मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी नाक मुरडत बघायचं. त्यात रोबो कुठनं आला? तर आमच्या मुलीकडं बायकाच नव्हत्या. सुमी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. मुलीकडची मंडळी म्हणून जी काय होती तो मी एकटा, सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का, जन्मभर एवढंच केलं.

नव्वदीच्या सुरुवातीला टीव्हीवर रविवारी सकाळी अंतराळातली एक हिंदी मालिका लागायची. नाव लांबलचक होतं, आमच्या घरात तिला नुसतं 'कप्तान' म्हणायचे. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर एक चौकी, आणि चौकीवर कप्तान आणि त्याचा रोबो, दोघंच. कप्तान रोज संध्याकाळी यंत्रासमोर बसून दिवसाची नोंद बोलून ठेवायचा. बाहेरून परत आला की रोबो त्याचं स्वागत करायचा. बस्स, एवढीच गोष्ट! पण सुमी आणि मी आ वासून बघायचो आणि मालिका संपली की दिवसभर त्यातल्या वस्तू करत बसायचो. कंगव्याचं रडार, सायकलच्या आऱ्यांची एरियल, टूथपेस्टच्या टोपणांची बटणं. दोन ताटल्या जोडून यान केलं, तेव्हा तीन दिवस आम्ही वर्तमानपत्रावर जेवलो.

सुमी दुपारी शाळेतून यायची तेव्हा घरात कुणी नसायचं. कुलूप तीच काढायची. एकदा मला म्हणाली, "बाबा, कुलूप काढलं की घर लई गप्प असतंय." पुढच्या रविवारी आम्ही रोबो केला. तेलाचा मोठा चौकोनी डबा म्हणजे धड, दुधाची किटली म्हणजे डोकं, सायकलचे दोन लाल रिफ्लेक्टर म्हणजे डोळे. पोटात आमचा टेपरेकॉर्डर. पाठीमागचं बटण दाबलं की माझ्या आवाजात बोलायचा, "स्वागत आहे, कप्तान सुमी! हातपाय धुवा. डब्यात लाडू हाय. एकच खा!" (ती दोन खायची. रोबोला मोजता येत नव्हतं.)

पुढं सुमी मोठी झाली, मालिका कधीच बंद पडली, रोबो माळ्यावर गेला. सुमीचं लग्न ठरलं गडहिंग्लजला. माणसं चांगली, मुलगा शिवानंद चांगला. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलायच्या, आणि दोन्ही मोठ्यानं बोलायच्या.

मग रुखवताचा प्रश्न आला. शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आजकाल रुखवत भाड्यानं मिळतंय की. टेबल लावून देत्यात, संध्याकाळी उचलून नेत्यात."

"आमच्या सुमीचं रुखवत भाड्याचं न्हाय!" मी छाती काढून बोललो.

"मग कोण करणार?"

"मी!"

वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चंद्रावर जातो म्हणालो होतो. पण माझ्या मनात एकच धास्ती होती. मांडवात टेबलासमोर उभं राहून कुणीतरी हळूच म्हणणार, 'आई न्हाई हो पोरीला, दिसतंयच की.' हे एक वाक्य सुमीच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. बाकी जगानं मला काहीही म्हणावं.

सुमीलाच कल्पना सुचली. "बाबा, सगळं रुखवत कप्तानचं करू या! चकली म्हणजे आकाशगंगा. अनारसा म्हणजे खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र. आणि मधोमध आपला रोबो!" मला तर हुरूपच आला. पहिल्या दिवशी माझी आकाशगंगा तेलात विरघळली. दुसऱ्या दिवशी ती इतकी कडक झाली की उंबऱ्यावर आपटली तर उंबऱ्याचा टवका निघाला. शेवटी कुसुमवहिनींनी चकल्या करून दिल्या. "कुणाला सांगायचं न्हाय, माझी शपथ हाय," त्या म्हणाल्या. लाडू मात्र माझे. ते सगळे ग्रह होते, आणि ग्रहांइतकेच टणक होते.

लग्नाआधीच्या महिन्यात सुमी घरात टिकेचना. कधी कुसुमवहिनींबरोबर बस्त्याला, कधी मैत्रिणींकडं. मी संध्याकाळी कचेरीतून यायचो, कुलूप काढायचो आणि... आता तुमच्यापासून काय लपवायचं? भीती वाटायची. अजून पोरगी गेली नव्हती तोवर ही गत, गेल्यावर काय होणार! म्हणून मी काय करावं? जुना टेपरेकॉर्डर काढला, समोर बसलो आणि कप्तानासारखी रोजची नोंद बोलायला लागलो. एकट्यानं राहायचा सराव! शरीर कमावायला लोक जोर काढतात, तसे मी आवाजाचे जोर काढत होतो.

लग्न दोन दिवसांवर आल्यावर त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मी रोबोचं नवं स्वागत भरलं. "स्वागत आहे पावणं! गडहिंग्लजच्या मंडळींना कप्तान सुमीचा नमस्कार!" हेच परत परत म्हणून अख्खी बाजू भरली. नोंदी होत्या त्या उलट्या बाजूला. कॅसेटची उलटी बाजू कोण कशाला लावतंय, असा माझा हिशेब. आमच्या जुन्या टेपला बाजू संपली की खट् करून बंद पडायची चांगली सवय होती.

पण ऐन आदल्या दिवशी तो जुना टेप कायमचाच खट् झाला! कुसुमवहिनींनी त्यांचा छोटा टेप आणून दिला. बॅटरीवर चालणारा, देखणा. तो डब्याच्या पोटात झकास बसला. वायर लोंबत नाही, काही नाही! मी वरून पत्र्याचं झाकण लावलं, आठ स्क्रू पिळले, चंदेरी रंग दिला. त्या टेपची एक बाजू संपली की तो आपोआप दुसरी बाजू वाजवायला लागतो, हे वहिनींनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि मंडळी रुखवत बघायला आली. विहीणबाई सगळ्यांत पुढं.

"अय्यो! ह्ये काय ओ?"

मी बटण दाबलं. लाल डोळे चमकले. रोबो बोलला. बायका दोन पावलं मागं सरकल्या आणि मग टाळ्या पिटायला लागल्या.

"ह्ये सगळं कोण केलंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"चकल्यासुद्धा?"

"चकल्यासुद्धा!" (कुसुमवहिनी छताकडं बघत होत्या.)

विहीणबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माईकवाल्याला हाक मारली, "ओ पावणं, त्यो माईक हिकडं आणा की! आमची माणसं पंगतीला बसल्यात, त्यांनाबी ऐकू दे!" माईकवाल्यानं माईक रोबोच्या पोटासमोर धरून बांधला आणि तोही जेवायला बसला. सगळ्या कार्यालयात आवाज घुमायला लागला, "स्वागत आहे पावणं!" माझी मान अशी ताठ झाली की बोलायची सोय नाही. कुणी म्हणालं नव्हतं. ते 'आई न्हाई'चं वाक्य कुणीसुद्धा म्हणालं नव्हतं!

मी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत आग्रह करत होतो. तेवढ्यात कर्ण्यातून खट् असा आवाज आला. मला वाटलं, झालं, बंद पडला. आणि मग माझाच आवाज आला. दमलेला, संथ.

"कप्तानाची नोंद. आज गडहिंग्लजची पावणी घर बघायला आलती. सहा येतो म्हणाली, चौदा आली."

माझ्या हातातली जिलेबी एका पावण्याच्या फेट्यावर पडली.

"विहीणबाईंनी घर बघितलं. मग कपाटाच्या वर बोट फिरवून धूळ बघितली. आवाज असा, की त्या बोलायला लागल्यावर गल्लीतली कुत्री गप्प झाली."

मी ताटासकट पळत सुटलो. पंगतीत पन्नास घास हवेत थांबलेले.

"जावई शांत हाय. आई एवढी बोलल्यावर तो बिचारा कधी बोलणार!"

रोबोजवळ पोचलो, बघतो तर बटण दाबून काही होईना. ते फक्त चालू करायचं! झाकणाला आठ स्क्रू, आणि स्क्रूड्रायव्हर घरी टीव्हीवर. मी जिलेबीच्या चिमट्यानं स्क्रू पिळायला लागलो.

"आज चकल्या बिघडल्या. कुसुमवहिनीच करून देतो म्हणाल्या. विहीणबाईंना सांगणार, मीच केल्या."

"भाऊजी, तोंड दाबा त्याचं!" कुसुमवहिनी किंचाळल्या.

"तोंड न्हाय हो त्याला!"

मुलाकडच्यांनी मला पांघरलेली मानाची शाल मी त्याच्यावर टाकली. आता तो शालीतून बोलायला लागला. (माईक नुसता हातभर बाजूला केला असता तरी भागलं असतं. हे मला पुढच्या आठवड्यात सुचलं.) शेवटी मी डबा उचलून आपटायला निघालो, तोच विहीणबाईंनी हात वर केला.

"थांबा! बोलू दे त्याला."

सुमी स्टेजवरून खाली आलेली, मुंडावळ्या हातानं बाजूला धरून उभी. लग्न मोडतंय, माझ्या तोंडानं मोडतंय, आणि तेही माझ्याच हातानं केलेल्या डब्यातून! मी डोळे मिटून घेतले.

"कप्तानाची नोंद. आज सुमी बस्त्याला गेलीय. मी चहा टाकला, दोन कप. सवय. मग दुसरा कपबी मीच प्यालो. आता इथनं पुढं चौकीवर एकच माणूस. सुमीला हे सांगायचं न्हाय. ती रडंल आणि जात न्हाय म्हणंल. पोरगी चांगल्या घरात चाललीय. माणसं मोठ्यानं बोलणारी हाईत. बरंच हाय. तिला गप्प घर आवडत न्हाय. आजची आवक, काही न्हाय. जावक, एक मुलगी."

टेप संपला. सुमी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती आणि मी तिला चिमट्यानं थोपटत होतो. विहीणबाई तोंडाला पदर लावून उभ्या. आता काय बोलतात, म्हणून चारशे माना त्यांच्याकडं वळलेल्या.

"चौदा न्हाई," त्या म्हणाल्या. "अकरा आल्तो आम्ही."

"अव्वा!" आईकडं बघून शिवानंद पहिल्यांदाच बोलला.

"काय अव्वा? अकरा म्हणजे अकरा! आणि कपाटावर धूळ होतीच की!" मग त्यांनी शालीसकट रोबो कडेवर घेतला. "आणि ह्यो आमच्यासंगट येणार. रुखवत मुलाकडंच जातंय."

वरातीच्या गाडीत सुमी मागं बसली आणि रोबो पुढं, विहीणबाईंच्या मांडीवर. मी हात हलवला, आणि नक्की कुणाला हलवला ते मला सांगता येणार नाही.

घरी आलो. कुलूप काढलं. सुमीनं आठव्या वर्षी सांगितलेलं ते गप्प घर मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. रविवारी चहा टाकला, दोन कप. नोंद बोलावी, तर टेपसुद्धा गडहिंग्लजला! (कुसुमवहिनी अजून त्या टेपचं नाव काढतात.)

पंधरा दिवसांनी गडहिंग्लज गाडीच्या कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. आत कॅसेट. मी बाजारातून नवा टेप आणला आणि लावली. आवाज इतका मोठा, की टेप टेबलावर हलायला लागला.

"कप्तान! गडहिंग्लज बोलालंय! आज सुमी भाकरी केली. जाड झाली. आम्ही खाल्लो. तुमचा लाडू अजून संपंना. एकाचा दात हलालाय. आता तुमची नोंद धाडा." मागून सुमीचं हसू ऐकू येत होतं. मी ती कॅसेट किती वेळा लावली ते विचारू नका.

मग मी उत्तर भरायला बसलो. विद्वानासारखं काहीतरी बोलावं म्हणून तीनदा पुसलं. शेवटी एवढंच राहिलं, "कप्तानाची नोंद. तुम्ही अकराच होता. चूक माझी. सुमे, हातपाय धुवून जेवत जा." कॅसेट दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या हाती दिली.

पण बोलून झाल्यावर टेप बंद करायचं मी विसरलो होतो. पुढची पंचवीस मिनिटं मी मोठ्यानं गाणी म्हणत भांडी घासली, ती गडहिंग्लजला सगळ्या घरानं रोबोभोवती बसून ऐकली! पुढच्याच गाडीनं विहीणबाईंची कॅसेट आली. गाण्याबद्दल एक शब्द नाही. फक्त एवढंच, "भांडी एका माणसाची, मग कप दोन कसे वाजले ओ? रविवारी येऊन बघतो. आम्ही सहाजण हाय."

रविवारी आले. मी दारातच उभा राहून एकेक डोकं मोजलं. चौदा होती! घरात कप नऊ. पण यावेळी हे मी कॅसेटच्या कुठल्याही बाजूला बोललेलो नाही.