काळ्या तबकडीवरचं हळदीकुंकू

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, मुलीचा लॅपटॉप, झाडून सगळी. यंदा बायकोने रेकॉर्ड प्लेअरचीही केली. झाकण उघडून आत हळदीकुंकवाची ओली बोटं ओढली, अक्षता टाकल्या, वर झेंडू ठेवला. प्लेअरवर तबकडी होती.

"तुम्हीच म्हणालात ना, एकही मशीन सोडू नकोस," ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. दादा येणार म्हणून आदल्या दिवशी सुई तपासायला तबकडी मीच लावली होती. पुन्हा पाकिटात घालायचा कंटाळा केला.

तबकडी दादाची, माझ्या थोरल्या भावाची. सत्तरच्या दशकातल्या एका इंग्रजी बँडमधल्या ऑर्गनवाल्याने एकट्याने काढलेला अल्बम. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. कॉलेजात असताना दादाने तो छावणीच्या बाजारात जुना मिळवला. वैजापूरला बदली झाली तेव्हा "तिकडं धूळ लई" म्हणत प्लेअरसकट माझ्याकडे ठेवला. तेव्हापासून दर दसऱ्याला तो सोनं द्यायला येतो आणि आम्ही दोघं अख्खा अल्बम ऐकतो. एक बाजू म्हणजे एकच गाणं. चाल नाही, ठेका धरावा तर मध्येच मोडतो, ऑर्गन घोंघावत राहतो आणि आडात पडल्यासारखा कुणीतरी ओरडतो. मी दरवर्षी डोळे मिटून मान हलवतो. दादाला वाटतं, भाऊ रमला.

खरं सांगतो, खाचांत बसलेलं कुंकू पाहून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली. भाऊ वर्षातून एकदा एवढंच मागतो, आणि मला तेवढंही जड होतं.

दादा आला. तबकडीकडे बघून म्हणाला, "आरं, हिला तर सवाष्ण केली की तुम्ही!"

मग त्याने इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर मागवलं, चष्म्याचं फडकं काढलं आणि मला तबकडी कडेने धरायला लावली. तो खाचेखाचेने पुसत होता. माझी मनगटं भरून आली.

"हलू नको रे!"

"हलत नाहीये!"

"मग तबकडी काय स्वतःहून नाचतेय व्हय?"

शेवटी मला राहवलं नाही. "दादा, मला ही कधीच आवडली नाही. एकदासुद्धा नाही."

त्याने मान वर केली नाही. "माहितीय की. म्हणून तर तुझ्याकडं ठेवली. आवडली असती तर रोज लावून झिजवली असतीस."

"मग दरवर्षी मला समोर कशाला बसवतोस?"

त्याने फडक्याची घडी उलटी केली. "एकट्यानं ऐकवत नाय ती."

सुई ठेवली. दोन ठिकाणी अडखळली, पुढे गेली. तो आडातला माणूस ओरडायला लागला तसा मी चहाचं निमित्त करून उठलो.

"बस की," दादा म्हणाला. "अजून दुसरी बाजू हाय."