हिराजीची बिनकिल्लीची सीट

हिराजी गेल्याला पाच आठवडे झाले. भेटेल तो मला विचारतो, शेवटी तूच होतास ना बरोबर? मी मान हलवतो आणि विषय बदलतो. आज बदलणार नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मास्तर झालो आणि त्याने रोडपालीत मोटारसायकलच्या सीट बनवायचं दुकान टाकलं. माझ्या मणक्यातली चकती सरकली तेव्हा डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. हिराजीला ते पटलं नाही. मला मागे बसता यावं म्हणून त्याने स्वतःच्या गाडीची सीट उसवली, फोम बदलला आणि मागे तीन खाचांत पुढेमागे सरकणारा टेका बसवला. प्रत्येक खाचेला मला बसवून, आता दुखतंय का, असं विचारत त्याने दोन रविवार घालवले. माझ्या पाठीची इतकी चौकशी माझ्या बायकोनेही कधी केली नसेल.

सीटखाली त्याने पत्र्याचा कप्पा केला होता. न्हावा शेव्याला कामाला जाणारी गिऱ्हाइकं कागदपत्रं चोरीला गेली म्हणून रडायची, त्यातून सुचलेला. त्याला किल्ली नव्हती. टेका मधल्या खाचेत आणायचा, सीट दाबायची आणि दाबलेली ठेवूनच मागे ओढायची. "चावी चोराकडं पन आसते," तो म्हणायचा. मला त्याने दोनदा करून दाखवलं. मी म्हटलं, तुझी तिजोरी तुलाच लखलाभ. हृदयाचा पहिला झटका आल्यापासून वहिनी रोज सकाळी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पुडी त्याच्या हातात द्यायच्या, आणि तो ती त्या कप्प्यात टाकायचा.

त्या रविवारी सकाळी कर्नाळ्याच्या रस्त्यावर त्याने गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि खालीच बसला. शर्ट घामाने चिंब. "मास्तर, गोली... शीटखाली." मी टेका पुढे केला, मागे केला, सीटला हिसके दिले, बुक्क्या मारल्या. तो हाताने खुणावत होता, दाब, दाब... मला कळेना. मग हात खाली पडला. रिक्षाने दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. गोळी मिळूनही वाचला असता असं नाही, डॉक्टर म्हणाले. या एका वाक्यावर मी इतके दिवस काढले.

वहिनींना मी सांगितलं, गोळ्या मिळाल्या नाहीत. तेव्हापासून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायच्या, "मीच दिल्या नसतीन." मी शेजारी बसून ऐकत होतो. माझ्यासारखा भेकड मित्र वैऱ्यालाही मिळू नये.

गेल्या आठवड्यात मी जाऊन सगळं सांगितलं. वहिनी उठल्या आणि पडवीतल्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हिराजीनंतर तो कप्पा कुणी उघडलाच नव्हता.

"उघडा, भावजी."

आता घाई नव्हती. टेका मधल्या खाचेत आणला, सीट दाबली, मागे ओढली. पहिल्याच प्रयत्नात उघडली. आत रबर लावलेली पुडी होती. वहिनींनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे मी दिल्या व्हत्या," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी बराच वेळ उघड्या सीटपाशी उभा होतो. त्या घरातून मी कधी चहा न घेता निघालो नव्हतो. त्या दिवशी आतून कुणी हाक मारली नाही.