सत्तेचाळिसावं पान

बाळांनो, तुमच्या आजोबांना आता छापील अक्षर दिसत नाही, म्हणून ते फोनवर पुस्तकं ऐकतात. वाचून दाखवणारं ते ॲप मोफत आहे. ठिकठिकाणची माणसं हौसेनं, मिळून ते तयार करतात. पण आजोबांनी पानाचा आकडा टाकला, की ते हटकून पहिल्या पानावर जायचं. माझ्या फोनवर मी टाकला, की बरोबर!

"तुम्ही काहीतरी भलतंच दाबता," मी म्हणायचे.

"अगं, जन्मभर गणित शिकवलं मी. मला सत्तेचाळीस लिहिता येत नाही?"

एके दिवशी त्यांनी फोन खणात ठेवून दिला. "डोळे गेले, आता डोकंही चाललं म्हणायचं." मनातून मलाही तेच वाटत होतं.

मी ॲप करणाऱ्यांना लिहिलं. कचेरीतली जुनी सवय: सन्माननीय महोदय, मनःपूर्वक आभार, दीड पान सुरेख इंग्रजी, आणि शेवटी, 'चूक बहुधा आमच्या यजमानांचीच असावी.' दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. "मॅडम, पत्र आवडलं. पण काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं तीन ओळींत कळवाल का?"

म्हणजे आधी नीट बघायला हवं होतं. नौपाड्यातल्या दुकानातून कोरी वही आणली आणि आजोबांच्या शेजारी बसले. "हं, आता सावकाश दाबा."

त्यांनी दाबलं, ४७. मोठ्या अक्षरांचा मराठी कीबोर्ड ना त्यांचा! मी इंग्रजी शाळेतली, कायम 47 टाकणारी. ॲपला मराठी आकडे कळतच नव्हते.

तीन ओळी पाठवल्या. आठवड्याभरात निरोप आला: दुरुस्त केलंय, तपासून सांगाल? आम्ही दोघांनी शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे घालून पाहिले, वहीत खुणा केल्या. मला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नाही, तरी एवढं काम झालं. तुम्हालाही जमेल.

सत्तेचाळिसावं पान सुरू झालं. आजोबांनी ते लगेच थांबवलं.

"त्या पहिल्या पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस?"

"अहो, ते जाऊ द्या ना."

"जाऊ कसं द्या? तीही चूक कळव."

मी लिहिलं: 'माझ्या पहिल्या पत्रातले शेवटचे वाक्य कृपया रद्द समजावे.' आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मगच त्यांनी पुस्तक पुढे चालू केलं.