आमचा निरंक अहवाल

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच मी ओळखलं, कुणालाही नको असलेलं एखादं काम आता माझ्या गळ्यात पडणार. काम सांगायच्या आधी ते चहा मागवतात. चहासोबत बिस्किटं आली तर काम मोठं असतं. त्या दिवशी क्रीमची बिस्किटं आली.

"मॅडम, आपल्या तंत्रसाहाय्य केंद्राचं मूल्यमापन करायचं आहे," ते म्हणाले. "विद्यापीठाचं पत्र आलंय. शनिवारपर्यंत अहवाल पोर्टलवर चढवायचा."

"सर, मी अर्थशास्त्र शिकवते."

"हो, पण तुम्ही सगळ्यांनाच रागावता. तुम्ही कुणाची बाजू घेतली असं कोणी म्हणणार नाही."

यावर रागावायचीही सोय उरली नाही. माझा राग नाकावर असतो हे आमच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. माझं माहेर मलकापूरचं, म्हणजे घाटाखालचं. इथे बुलडाण्यात घाटावर येऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी 'घाटाखालचं ऊन मॅडमच्या डोक्यातून उतरलं नाही' असं स्टाफरूममध्ये म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येईल इतक्या जोरात.

पत्र मी वाचलं. प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना संगणकाच्या कामात मदत करण्यासाठी विद्यापीठाने कॉलेजाकॉलेजांत जी केंद्रं उघडली होती, त्यांतल्या ज्यांचा वापर कमी दिसेल ती बंद करायची आणि तिथल्या लोकांनी यापुढे एका हेल्पलाइनला फोन करायचा, असा त्याचा मतलब होता. आमचं केंद्र म्हणजे एक खोली आणि एक माणूस. खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती, अजून तिथे कोपऱ्यात भाले उभे आहेत. माणूस जवळच्याच देऊळघाटचा, पंचेचाळिशीचा, त्याला सगळे भाऊ म्हणतात. भाऊ दर वेळी वाढवल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर होते, आणि आताचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. केंद्र बंद झालं तर तो वाढणार नव्हता. मी दुसरं बिस्किट परत बशीत ठेवलं.

तडक केंद्रात गेले. कुलूप. माझा पारा चढायला तेवढं पुरे होतं. मग दारावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'भाऊ लायब्ररीत'. ते खोडून खाली दुसऱ्या अक्षरात 'ऑफिसात', आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात 'प्राणिशास्त्र, अर्जंट'. ही आमच्याकडची पद्धत आहे. भाऊंना जो पळवून नेतो तो दारावर लिहून जातो, म्हणजे पुढच्याला माग काढता येतो. मी तीन जिने चढले आणि प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या टेबलाखाली मला भाऊंचे पाय दिसले. विभागप्रमुख खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते.

"भाऊ, बाहेर या," मी म्हणाले. "तुमचं मूल्यमापन करायचंय."

"दोन मिनिटं मॅडम," टेबलाखालून आवाज आला. "सरांच्या कॉम्प्युटरले जरा कमजोरी आली."

केंद्रात परत आल्यावर मी नोंदवही मागितली. भाऊंनी कपाटातून एक कोरीकरकरीत वही काढली. पहिल्या पानावर हळदीकुंकू लावलेलं, 'श्री' लिहिलेलं, आणि आत तीनच तक्रारी. तिन्ही एकाच माणसाच्या. तो प्राध्यापक पुण्याकडून नवा आला होता आणि त्याला इथली रीत माहीत नव्हती.

"वर्षभरात तीनच?"

"लिवतच नाई ना मॅडम कोनी. म्या वही समोर केली का लोकं म्हंतात, 'काऊन भाऊ, तुमच्या इरुद्ध लिवू का आमी?' मंग मले बी बरं नाई वाटत."

म्हटलं ठीक आहे, वही नाही तर नाही. विद्यापीठाने अहवालासोबत प्रत्येकाने भरायचा एक फॉर्म दिला होता. त्यात मुख्य प्रश्न दोन. गेल्या वर्षभरात आपण केंद्राची मदत किती वेळा व कशासाठी घेतली, आणि काही तक्रार असल्यास नमूद करावी. मी झेरॉक्स काढून फॉर्म बडे बाबूंकडे दिले. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय आमच्याकडे कागदाला कागद म्हणत नाहीत. गुरुवारी दुपारी सगळे फॉर्म सुतळीने बांधून, शिक्के मारून परत आले. इतकी तत्परता पाहून मला आनंद झाला. तो पहिला फॉर्म वाचेपर्यंत टिकला.

किती वेळा मदत घेतली? निरंक. तक्रार? निरंक. दुसरा फॉर्म, निरंक, निरंक. तिसरा तसाच. सरकारी कागदावर जिथे सांगण्यासारखं काही नसतं तिथे लिहायचा हा शब्द. लायब्रेरियन निरंक. शेंगदाणेवाले विभागप्रमुख निरंक. प्राचार्य, ज्यांचा ईमेल रोज सकाळी भाऊ उघडून देतात, तेही निरंक, खाली हिरव्या शाईत झोकदार सही.

मी गठ्ठा घेऊन ऑफिसात गेले. "बडे बाबू, हे काय आहे?"

"काय झालं मॅडम? एकही फॉर्म अपूर्ण नाई, पाहा."

"सगळ्यांनी निरंक लिहिलंय!"

"हाव, म्याच सांगतलं सगळ्यायले. तीस वर्षं झाले मले नोकरीत. वरून कोनताही तक्रारीचा कागद आला का निरंक टाकाव. चौकशी लागत नाई, कोनी इचारत नाई. भाऊ गरीब मानूस, त्याच्या नावानं कायले भानगड?"

"अहो, याचा अर्थ भाऊंनी वर्षभर काहीच काम केलं नाही! केंद्र बंद होईल, भाऊ घरी जातील!"

बडे बाबूंचा चेहरा पडला. पण लगेच सावरून म्हणाले, "आता तं आवकले नोंद झाली मॅडम. आता नाई बदलत."

मी स्टाफरूममध्ये गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. राग आला की माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळते. "लाज नाई वाटत का तुमाले? सकाळपासून त्या मानसाले टेबलाखाली घालता आन कागदावर निरंक लिवता?" सगळे माना खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. मग शेंगदाणेवाले विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "पण मॅडम, मी कधी मदत घेतली? माझं मशीन बिघडलं होतं. मला स्वतःला सगळं येतं."

"माझंही तसंच," लायब्रेरियनबाई म्हणाल्या. "माझ्या कीबोर्डलाच प्रॉब्लेम होता. भाऊंनीच सांगितलं."

एकेक करून सगळे तेच म्हणाले. आणि मला रागापेक्षा धक्का याचा बसला की कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी तोंड बंद करून बाहेर पडले, कारण गठ्ठ्यात माझाही फॉर्म होता. मी तक्रारीच्या रकान्यात काही लिहिलं नव्हतं, आणि मदतीच्या रकान्यात 'एकदा' असं लिहिलं होतं. प्रोजेक्टरचा बल्ब, एकदा.

ती गोष्ट पावसाळ्यातली. भरलेल्या वर्गात प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर काही उमटेना. मुलं खुसखुसायला लागली. मी भाऊंना बोलावून घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर त्यांना झाप झाप झापलं, की तुमची यंत्रं भंगारात घाला. भाऊ वर्गाकडे पाठ करून प्रोजेक्टरपुढे वाकले, काहीतरी केलं, आणि भिंतीवर चित्र आलं. "बल्ब गरम व्हाले टाइम लागते मॅडम," एवढंच म्हणून ते निघून गेले.

आता मी केंद्रात जाऊन त्यांच्यासमोर बसले. "भाऊ, खरं सांगा. त्या दिवशी प्रोजेक्टरला काय झालं होतं?"

"बल्ब मॅडम..."

"भाऊ."

त्यांनी भाल्यांकडे पाहिलं. "जाऊ द्या ना मॅडम. जुनी गोष्ट हाये."

मी उठले नाही. चिवटपणात आम्ही घाटाखालची माणसं कमी नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, "भिंगावरचं झाकन तसंच राह्यलं व्हतं. तुमी काढलं नाई."

"मग झाकण कुठे गेलं? मी तर तुमच्या हातात काही पाहिलं नाही."

"खिशात टाकलं. नंतर आनून ठेवलं."

"का पण? मी तुम्हाला एवढं बोलले!"

"समोर पोरं बसले व्हते ना मॅडम. तुमाले रोज त्याच वर्गात जा लागते."

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. मी त्यांना म्हटलं, असं प्रत्येकाचं खरं काय होतं ते सांगा, मी अहवालात लिहिते, केंद्र वाचेल. भाऊंनी मान हलवली. "नाई मॅडम. मी नाई सांगनार. लोकं माह्यावर इस्वास ठेवून बलावतात. देऊळघाटले वावर हाये थोडं, पाहू कसं जमते ते. पोरगी बारावीले हाये तेवढं वर्ष निंघालं असतं तं बरं झालं असतं." आणि ते लायब्ररीत निघून गेले, कारण तिथलं 'मशीन' पुन्हा आजारी पडलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी नवा कोरा फॉर्म घेतला. किती वेळा मदत घेतली या रकान्यात लिहिलं, मोजता येत नाही. कशासाठी, याच्या खाली झाकणाची गोष्ट लिहिली. पासवर्ड दर पंधरा दिवसांनी विसरते हे लिहिलं. निकालाची फाईल मी स्वतः डिलीट केली आणि व्हायरसला शिव्या दिल्या, हे लिहिलं. भाऊंनी रविवारी येऊन ती परत मिळवली, तेही लिहिलं. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं, खोटं कशाला सांगू. तीन वर्षांत निवृत्त होणाऱ्या बाईने असं सहीनिशी लिहून द्यायचं म्हणजे चेष्टाच. मग तो कागद नेऊन मी बडे बाबूंसमोर ठेवला आणि म्हटलं, "हा आवकला घ्या. आणि तुमच्या शिपायाला सांगा, स्टाफरूमच्या फळ्यावर एक झेरॉक्स लावायची."

बडे बाबूंनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचला. मग त्यांनी ड्रॉवर उघडून एक कोरा फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडून बसले. बराच वेळ लिहीत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "याले पुरवनी जोडता येते का?"

दुपारपर्यंत पुरवणीची पानं संपली. परीक्षा विभागातून आणखी आणावी लागली. पहिल्या फॉर्मांवर बडे बाबूंनी स्वतःच्या हाताने 'नजरचुकीने' असा शेरा मारला. आवकला नोंद झालेला कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच फिरवला. लायब्रेरियनबाईंनी कबूल केलं की कीबोर्डमध्ये चहा त्यांनीच सांडला होता. प्राचार्यांनी लिहिलं की त्यांना ईमेल उघडता येतो, पण बंद करता येत नाही. शेंगदाणेवाले विभागप्रमुख सगळ्यांत शेवटी आले, त्यांनी आपली पुरवणी दोनदा घडी घालून दिली आणि म्हणाले, "वाचू नका." मी वाचली. त्यांच्या कीबोर्डमधून भाऊंनी किती शेंगदाणे काढले ते त्यात होतं.

आता एवढा गठ्ठा स्कॅन करून पोर्टलवर कोण चढवणार? ते काम फक्त भाऊंना येत होतं. त्यांनी एकेक पान काचेवर ठेवलं. ज्यांची अब्रू ते वर्षानुवर्षं खिशात घालून फिरत होते, त्यांचीच अक्षरं त्यांच्या हाताखालून जात होती. एका पानापाशी थांबले, हसले, आणि पुढचं पान घेतलं. कुणाचं पान होतं ते मी विचारलं नाही.

पत्र महिनाअखेरीस आलं. केंद्र चालू राहणार होतं, भाऊंचा करार वाढला होता. प्राचार्यांनी मला बोलावलं, नुसता चहा पाजला आणि पत्राचा दुसरा परिच्छेद दाखवला. मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापिकेचं स्वतःचंच संगणकज्ञान अत्यंत अपुरं असल्याचं अहवालावरून दिसतं, तरी त्यांनी व इतर सर्वांनी केंद्रामार्फत प्रशिक्षण घ्यावं, असं त्यात होतं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

प्रशिक्षणाचा पहिला वर्ग सोमवारी भरला. आम्ही सगळे बाकांवर, भाऊ समोर. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि आमच्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. त्यांनी गुणांचा तक्ता करायला सांगितला. मी आकडे भरले, बेरीज केली, उत्तर भलतंच आलं.

"भाऊ, हे मशीन बिघडलंय," मी म्हणाले.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. अख्खा वर्ग वळून पाहत होता. भाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मला कळत होतं, सोपं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि ते दिलं तर हा वर्ग चालवण्यात काही अर्थ उरत नव्हता.

"मशीन बरोबर हाये मॅडम," ते म्हणाले. "चुकलं तुमचं."

सत्तावीस वर्षांत मला असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. सगळे माझ्या नाकाकडे बघत होते.

"हाव भाऊ," मी म्हणाले, "माहं चुकलं. पुन्हा एकडाव दाखवा."

त्यांनी पुन्हा दाखवलं.